गारो, कोदो आणि चौदा पोरं : सिंधुपाल्चोकच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०१८, सोमवार. पुणे

काल विसर्जन, आज पालकसभा. निम्म्यांचे आवाज बसलेले. अकरावीची चौदा मुलं, मी आणि पीटीचे सर असे सोळाजण दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जाणार हे नक्की झालं. सिंधुपाल्चोक जिल्ह्यात चौतारापासून खाली उतरल्यावर एक गाव आहे. तिथल्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचंय. शाळेची इमारत २०१५च्या भूकंपानंतर नव्यानं उभी राहिली, स्वच्छतागृह मात्र राहून गेलं. पाया गावानं भरून ठेवलाय. भिंतींच्या कामाला आपण हात लावायचा.

पालकांचे प्रश्न : गरम पाणी मिळेल का, वाय-फाय आहे का, प्रमाणपत्रावर सेवेचे तास किती लिहिणार. तासांचा प्रश्न तिघांनी विचारला. परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात तो रकाना असतो, हे मलाही ठाऊक आहे.

खर्च माणशी बेचाळीस हजार. व्हिसा लागत नाही. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पोरांचं मतदानाचं वय झालेलं नाही, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट. दोघांचे अजून यायचेत.

३० सप्टेंबर, रविवार

किल्लारीच्या भूकंपाला आज पंचवीस वर्षं झाली. आईला फोन केला. तिनं तारखेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो.

११ नोव्हेंबर, रविवार. काठमांडू

पुणे-दिल्ली-काठमांडू. घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली. जग अर्ध्या-अर्ध्या तासानं सरकतं, हा देश पाव तासानं कसा काय, यावर बॅग येईपर्यंत वाद झाला. भूगोल मीच शिकवते, तरी माझं उत्तर कुणाला पटलं नाही.

शंभरच्या नोटांची दोन बंडलं आणली आहेत. आपले शंभर म्हणजे इथले एकशे साठ, हा दर १९९३पासून हललेला नाही. हिशेबाची वही ज्या मुलीकडे दिली, ती आता प्रत्येक गोष्टीला एक पूर्णांक सहानं गुणते. चहालासुद्धा. तिला आम्ही खजिनदार म्हणतो.

पाट्या देवनागरीत, त्यामुळे पोरांना वाटतंय आपल्याला नेपाळी येतं.

१२ नोव्हेंबर, सोमवार. प्रवास

अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही, वेळ लागला साडेपाच तास. भक्तपूर, बनेपा, धुलिखेल, मग वळणं घेत खाली दोलालघाट. तिथे इंद्रावती सुनकोशीला मिळते. पुलावर गाडी थांबवून दोन्ही पाण्यांचे रंग बघितले. दोघांना उलट्या झाल्या. गाडीत खिडक्या उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद केल्या तर उलट्या.

पुढे चढणीला लागल्यावर घरं दिसायला लागली. नवी, दोन खोल्यांची, निळ्या-लाल पत्र्याची. त्यांच्या बाजूला जुन्या घरांचे दगड रचून ठेवलेले. सरकारनं घरबांधणीला तीन लाख नेपाळी रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत. आधी पन्नास हजार, काम नियमात बसलं तर दीड लाख, शेवटी एक लाख. मुख्याध्यापक सांगत होते, त्या पैशांत दोन खोल्याच होतात, मग चार खोल्यांचं कुटुंब दोन खोल्यांत राहायला शिकतं.

मला ती घरं ओळखीची वाटत होती. पत्रा, दोन खोल्या, समोर नळ. आमच्या पुनर्वसनाच्या गावात हेच होतं. घाट नव्हता, एवढाच फरक.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. दिवस पहिला

सहाला उठणं. साडेसहाला चहा आणि चिउरा, म्हणजे आपले जाड पोहे, कोरडे. दहाच्या सुमाराला डाळभात, दुपारी काहीतरी तोंडात टाकायला, संध्याकाळी पुन्हा डाळभात. दोन जेवणांमध्ये काम. शाळा दहाला भरते, सगळं गाव त्याच वेळी जेवून बाहेर पडतं. डब्याची सवय असलेल्या पोरांचं पोट गोंधळलंय.

काम दाखवणारी गवंडी बाई आहे. इथे गवंड्याला डकर्मी म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, भूकंपानंतर जे प्रशिक्षण झालं त्यात ही शिकली. नवरा मलेशियात. गावात तरुण पुरुष जवळपास दिसतच नाहीत, कुणी मलेशियात, कुणी कतारला. सगळे तिला दिदी म्हणतात, आम्हीही. ती मला बहिनी म्हणते. पीटीच्या सरांना ती काहीच म्हणत नाही, नुसती हातानं बाजूला हो म्हणून सांगते.

आजचं काम : पडलेल्या जुन्या इमारतीच्या ढिगातून दगड निवडून बांधकामापर्यंत आणणं. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा, त्याला नाम्लो म्हणतात. आमची पोरं वीस-पंचवीस किलोला वाकली. दिदी त्याच्या दुप्पट उचलते आणि चढावर गप्पा मारते.

दिवसभराच्या खेपा : १३१. निम्मे दगड दिदीनं बाजूला टाकले. गोल होते.

भाषेचा घोळ. नेपाळीत दगडाला ढुङ्गा म्हणतात. दिदी दर दोन मिनिटांनी ओरडते, "ढुङ्गा ल्याऊ!" आणि चौदा मराठी पोरं हसून लोळतात. मुख्याध्यापकांनी मला कारण विचारलं. मी भूगोलाची शिक्षिका आहे, असं म्हणून वेळ मारून नेली.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज बालदिन, हे दुपारी लक्षात आलं. खेपा : १८४. सिमेंटच्या अकरा गोण्या खालच्या रस्त्यापासून वर. पाणी फार लांबून येतं.

जेवताना वाढणाऱ्या आजीनं "मिठो छ?" असं विचारलं. आमच्या उंच पोरानं मिठाची चौकशी समजून "नाही नाही, बरोबर आहे" म्हटलं. मिठो म्हणजे चवदार. आजी थोडी पडलेल्या चेहऱ्यानं आत गेली. नंतर समजावून सांगितलं, मग त्याला तिसऱ्यांदा भात वाढला गेला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट दिवस. नीट लिहून ठेवते.

दिदी सकाळी आली नाही. निरोप : दुपारी येईन. काल संध्याकाळी तिनं दोरी लावून दिली होती, माल कसा कालवायचा हे दाखवलं होतं. पोरं म्हणाली, बसून काय करायचं? पीटीचे सर म्हणाले, करू द्या. मीही मान हलवली. मागच्या बाजूची आठ फूट लांब, दोन फूट उंच भिंत त्यांनी बारापर्यंत रचली. बाहेरून अगदी देखणी. सपाट चेहऱ्याचे दगड निवडून बाहेर लावले होते. दोरीला धरून बघितलं तर कुठे बोटभरही फरक नाही. फोटो काढले, आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर टाळ्या.

दिदी एकच्या सुमाराला आली. कपाळावर घाम, केसांत कणसांचा भुसा. भिंतीकडे बघितलं, वरून बघितलं, मग दोन ठिकाणी बोट घातलं. पहार मागितली. पहारीचं टोक मधल्या फटीत घालून जरा दाबलं, तशी बाहेरची रांग पोटातून फुगली आणि चारपाच दगड खाली घसरले. माल अजून ओला होता हे खरं, पण मुद्दा तो नव्हता. आतली रांग जागेवर उभी. मध्ये चुरा आणि माल. दोन रांगा एकमेकींना कुठेही धरून नव्हत्या.

"हेर, बहिनी," ती म्हणाली. बघ. एवढंच. मग बाकीची भिंत तिनं स्वतः उतरवली. पोरांनी दगड धुतले.

दीड फुटी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, पाठीला पाठ लावलेल्या. त्यांना बांधायला एक लांब दगड आरपार जावा लागतो. उभ्यात दर दोन फुटांना एक, आडव्यात दर चार फुटांना एक. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर सळई घालून काँक्रीटचा ओतायचा. दिदीनं असे बारा तुकडे आधीच ओतून शाळेच्या मागे सावलीत ठेवले होते. रोज ओल्या पोत्याखाली झाकत होती. आम्ही त्यांना बसायला वापरत होतो.

मला हे माहीत होतं. पोरांना माहीत नव्हतं, मला होतं. किल्लारी पट्ट्यात माणसं मेली ती याच कारणानं. गोल दगड, मातीचा गिलावा, दोन-अडीच फूट जाड भिंत, आरपार दगड नाही, आणि वर मातीचं माळवद. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंती फुगल्या आणि माळवदं सरळ खाली आली. आमच्या चुलतआजीचं घर असंच गेलं. पुढे वाचलेल्या घरांना सरकारी लोकांनी भोकं पाडून त्यात आकड्यासारखी सळई आणि काँक्रीट भरलं. मामाच्या भिंतीवर ते पांढरे गोल ठिपके कित्येक वर्षं दिसत होते. आम्ही त्यावर चेंडू नेम धरून मारायचो.

आणि सकाळी तीन तास मी त्या भिंतीजवळ उभी होते. भिंत सुंदर दिसतेय, एवढंच बघत होते.

खेपा : मोजल्या नाहीत. बांधकाम : शून्य.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

दिदी काल का आली नाही ते आज कळलं. कोदो काढणीला आलाय. कोदो म्हणजे आपली नाचणी. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात ती तपकिरी होऊन उभी आहे, पाखरं बसतायत. मजूर मिळत नाहीत, जो तो आपल्या शेतात. दिदीच्या घरी ती आणि बारा वर्षांची मुलगी. आम्ही नऊ दिवस येणार म्हणून शाळेनं तिला नऊ दिवस बांधून घेतलं. आमची तारीख कुठून ठरली? आमच्या दिवाळीच्या सुट्टीवरून. त्यांच्या सुगीची चौकशी मी केली नव्हती. ईमेलमध्ये पाऊस, थंडी, रस्ता, सगळं विचारलं होतं. गावात या दिवसांत काय चालू असतं, हे नाही विचारलं.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, एक दिवस पोरं शेतात जातील. ते ओशाळले, पाहुण्यांना शेतात कसं पाठवायचं. दिदीला विचारलं तर तिनं जराही आढेवेढे घेतले नाहीत. "कोदो आज, गारो भोलि." गारो म्हणजे बांधकामाची भिंत. भोलि म्हणजे उद्या. कोल्हापूरकडची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे भोळी म्हणजे जी उद्यावर विश्वास ठेवते ती.

चौदाजणांनी दिवसभर कणसं खुडली. विळ्याला हात लावायची परवानगी फक्त दोघांना, आजोळी शेती आहे त्या. संध्याकाळपर्यंत तीन खाचरं मोकळी. दिदीच्या मुलीनं आमच्या पीटीच्या सरांना कणसं खुडताना दोनदा सुधारलं.

रात्री दिदीच्या घरी ढिंडो. नाचणीच्या पिठाची उकड, घट्ट, बोटांनी तोडून डाळीत बुडवायची, न चावता गिळायची. मला आवडला. तीन पोरांनी गुपचूप बिस्किटं खाल्ली.

प्रमाणपत्रात आजचे तास लिहायचे का, असं खजिनदारानं विचारलं. ठरलेल्या प्रकल्पात शेती नाही. लिही म्हटलं.

१७ नोव्हेंबर, शनिवार. सुट्टी

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा. २०१५चा भूकंप २५ एप्रिलला झाला, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी, ७.८ क्षमतेचा. त्यांच्या पंचांगानं १२ वैशाख २०७२. तो शनिवार होता. देशात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली साडेतीन हजारांच्या आसपास एकट्या या जिल्ह्यातली. हजारो वर्गखोल्या पडल्या आणि त्या रिकाम्या होत्या.

मुख्याध्यापकांनी जुन्या शाळेची जागा दाखवली. जिथून आम्ही दगड उचलतोय, तो ढीग म्हणजे सहावी आणि सातवीचा वर्ग. हे आधी सांगितलं नव्हतं. पोरं गप्प झाली. घंटेचा लोखंडी तुकडा त्यांनी ढिगातून काढून नव्या इमारतीला लावलाय, एका कडेला वाकलेला. आवाज जरा फाटका येतो.

"शुक्रवार असता तर," ते म्हणाले आणि थांबले. इथे प्रत्येकजण हे वाक्य इथपर्यंतच बोलतो.

संध्याकाळी पोरांना माझं सांगितलं. ठरवलं नव्हतं. १९९३ला मी नऊ वर्षांची. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. शहरातून मदत घेऊन गाड्या यायच्या, त्यातून कॉलेजची पोरं-पोरी उतरायची. एका ताईनं मला फ्रॉक घातला, दोन मापं मोठा, गुलाबी, पाठीला गाठ मारून घट्ट केला. मग मला शेजारी उभी करून फोटो काढला. हस म्हणाली. मी हसले. ताई चांगली होती, तिनं मला गोळ्या दिल्या, रडलीही. फोटो कधी बघायला मिळाला नाही. तिच्याकडे असेल कुठेतरी.

एका पोरानं विचारलं, मग तुम्ही आम्हाला का आणलंत? मी म्हटलं, आणखी काही मुलं गाड्यांतून आली होती, ती महिनाभर राहिली, त्यांनी विहीर उपसली. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत, विहीर आठवते. त्याला हे उत्तर पुरेसं वाटलं की नाही, कळलं नाही.

झोपण्याआधी खजिनदार वही घेऊन आली. तिनं गणित मांडलं होतं. चौदा गुणिले बेचाळीस हजार, पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार. एक पूर्णांक सहानं गुणून नऊ लाख चाळीस हजार आठशे नेपाळी. दिदीची रोजी हजार. म्हणजे आमच्या येण्याजाण्याच्या पैशांत दिदी ९४० दिवस काम करू शकली असती. खाली दोनदा रेघ मारलेली.

"बरोबर आहे का, मॅडम?"

गुणाकार बरोबर होता. तेच सांगितलं.

१८ नोव्हेंबर, रविवार

शाळा भरली. आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन दगड देऊन जातात. त्यांना सध्या कुठे जावं लागतं ते त्यांनी आमच्या मुलींना दाखवलं. शाळेच्या वरच्या अंगाला झुडपं. दोघी जातात, एक उभी राहते.

गुरुवारची भिंत आज पुन्हा, दिदीच्या हाताखाली. वेग निम्मा. काँक्रीटचे पाच तुकडे आरपार बसवले. प्रत्येक आरपार दगडावर पोरं खडूनं फुली मारतायत. कोपऱ्यात दगड आलटून पालटून घालायचा, एकदा हा हात लांब, एकदा तो. उंच पोराला ते जमायला लागलं. दिदी त्याच्याजवळून जाताना काही बोलली नाही, आणि त्यानं ती शाबासकी समजून घेतली.

खेपा : १२०. बांधकाम : मागची बाजू अडीच फूट.

१९ नोव्हेंबर, सोमवार

एकादशी. माझा उपास, इथे तिला हरिबोधनी म्हणतात. मुख्याध्यापकांच्या अंगणात तुळशीचा मठ सजवलेला, बाजूला ऊस. साबुदाणा नाही, उकडलेली रताळी खाल्ली. चारजणांची पोटं बिघडली आहेत, उपासाचा संबंध नाही. मीठ-साखरेचं पाणी. काम थोडं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

खिडकीखालचा पट्टा. तीन इंच जाड, आत बारा मिलिमीटरच्या दोन सळया, चारही भिंतींवरून सलग फिरवायच्या. डबा दोरीनं बांधल्यासारखं होतं. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. सळई वाकवायला तीन पोरं लटकली, शेवटी दिदीच्या मुलीनं पाइप घालून वाकवली.

ओतकाम पावणेचारपर्यंत. हातानं कालवलं, साखळी करून घमेली दिली. या एका कामात चौदा जोडी हातांचा खरा उपयोग झाला, असं दिदी मुख्याध्यापकांना म्हणाली. माल आटायच्या आत पट्टा एकदम भरायचा असतो, दोघातिघांच्यानं ते होत नाही. मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण खजिनदाराच्या वहीत यासाठी रकाना नव्हता.

प्रश्न : आठवडाभर पट्ट्यावर पाणी कोण मारणार? आम्ही उद्या निघणार. आठवीच्या वर्गानं पाळ्या लावल्या, भिंतीवर कागद चिकटवला. दोन-दोन मुली, सकाळ-संध्याकाळ.

दुसरा प्रश्न पाटीचा. आमच्या शाळेच्या व्यवस्थापनाला दारावर नाव हवंय, संगमरवरात, सौजन्याने वगैरे. आणि चेहरे दिसतील असे मुलींबरोबरचे फोटो, वार्षिक अंकासाठी. पाटी बसायला भिंतच पुरी झालेली नाही, असं कळवलं. फोटोंबद्दल काही कळवलं नाही.

२१ नोव्हेंबर, बुधवार. निरोप

सकाळी पट्ट्यावर पोतं ओलं होतं, आमच्या उठण्याआधी कुणीतरी पाणी मारून गेलं होतं.

झालेलं : चारही बाजू खिडकीखालच्या पट्ट्यापर्यंत. राहिलेलं : पट्ट्याच्या वरची भिंत, दारावरचा पट्टा, पत्रा, दारं, टाकी. उरलेला सगळा निधी सामानासाठी आणि दिदीच्या रोजीसाठी शाळेच्या समितीकडे दिला, पावती घेतली. पोरांनी काठमांडूतला खरेदीचा दिवस रद्द करून त्यातले पैसे यात घातले. दोघांनी नाखुशीनं. त्यांची नावं लिहीत नाही.

दिदी निरोपाला आली नाही. खालच्या खाचरात तिची पाठ दिसत होती. पोरांनी वरून हाका मारल्या, "ढुङ्गा दिदी!" तिनं विळा वर केला.

९ फेब्रुवारी २०१९, शनिवार. पुणे

मुख्याध्यापकांचा निरोप. छपराचा पत्रा बसला, तिथल्या भाषेत जस्तापाता. टाकीत पाणी चढलं. जानेवारीत थंडीमुळे काम थांबलं होतं. पुढच्या वेळी यायचं असेल तर फागुनात या, असं दिदीनं सांगितलंय. शेतं रिकामी असतात.

सोबत एक फोटो. व्यवस्थापनाला पुढे पाठवला. त्यात कुणाचाही चेहरा नाही, निळं दार आहे, बंद. खाली त्यांनी लिहिलंय : आतून कडी लागते का ते बघायला आठवीची एक मुलगी आत गेली आहे, अजून बाहेर यायला तयार नाही.